उठून जाता येणार नाही अशी जागा

आईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी नेली तर 'हायेत ना एवढ्या' म्हणून पेटीत ठेवून द्यायची. डॉक्टरकडे नेते म्हटलं तर म्हणायची, मले काय झालं? म्हणून माघातल्या एका दुपारी ती फोनवर म्हणाली, "मले त्या शिडाच्या नावेत बसायचं हाय," तेव्हा मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं.

"कोणत्या नावेत वं?"

"तू मोबाईलवर दाखवली होती ना. पांढऱ्या शिडाची. धरणावरची. सूर्य बुडतानी नेतात ते."

मेहकरकडच्या एका धरणावर नौदलातून निवृत्त झालेला एक माणूस आपली छोटी शिडाची नाव चालवतो, हे मी दिवाळीत तिला दाखवलं होतं. तेव्हा तिने 'हं' एवढंच म्हटलं होतं.

"शाळेतल्या बाया पण येऊ म्हणत होत्या," मी म्हणाले. मी खामगावला शिक्षिका आहे. "सगळ्या मिळून जाऊ."

"नाई. दुसरं कोणी नको. तू, मी अन् तुहे बाबा. बस." मग जरा थांबून तिने विचारलं, "एकदा नाव पाण्यात गेली का मधूनच उतरता येते का कोणाले?"

"मधून कसं उतरता येईल? भेव लागते का तुले?"

"नाई. इचारून राह्यली."

मला हसू आलं. साठीला टेकलेल्या माझ्या आईला संध्याकाळी नावेत बसून सूर्यास्त पाहायचा होता. तो आनंद मला इतका झाला, की मी नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, शाळेतही सांगितलं. नाववाल्याला फोन करून एका रविवारची संध्याकाळची पूर्ण नाव आमच्यासाठी ठरवून टाकली.

माझं माहेर वडनेर भोलजीच्या पुढे. बाबांची भाजीपाल्याची शेती: वांगी, मिरची, हिवाळ्यात कोबी. बाबांना एका जागी बसवत नाही. जेवतानाही त्यांचा एक कान विहिरीवरच्या मोटरकडे असतो. कोणी काही गंभीर बोलायला लागलं की ते उठतात. 'मोटर बंद करून येतो' म्हणून जातात, ते तो विषय विसरला गेला की परत येतात. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही ते मधेच उठून मिरचीला पाणी द्यायला गेले होते. पाहुणे बसून राहिले होते.

मी त्या रविवारी सकाळी गाडी घेऊन गेले तर बाबा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलेले. "तुही माय या वयात काय काय काढून राह्यली," असं म्हणाले, पण केसांना तेल लावलेलं होतं.

वाटेत आईने हिवरा आश्रमला दर्शनाला थांबायला लावलं. त्या हिवाळ्यात ती दोनदा तिथे सेवेला म्हणून गेली होती, चार-चार दिवस. बाबा तिथल्या आवारात उभे राहून म्हणाले, "तू राह्यली होती ते खोली दाखव ना. कोणासंग काम करे तू? भेटव त आमाले."

"ते लोक बदलत राह्यतात," आई म्हणाली आणि चपला घालायला निघाली.

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. काठापर्यंत हरभरा आणि गहू, पाण्यात जुन्या झाडांचे वाळके बुंधे, त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. नाववाला पन्नाशीचा, गोलसर, बोलका माणूस होता. त्याने आम्हाला नारंगी जाकिटं घातली. बाबा म्हणाले, "हे कायले? मले पवता येते." तो म्हणाला, "काका, समुंदरवाल्याले पण घालाच लागते. अन् एक गोष्ट. बसल्या जागेवरून उठायचं नाई. हा आडवा दांडा दिसून राह्यला ना, शिडाचा, हा इकडून तिकडे फिरते. उठलं का डोक्याले लागते."

आईने हे फार लक्ष देऊन ऐकलं. पदर जाकिटाच्या आत खोचला आणि बाबांच्या बरोबर समोर बसली. मी तिच्या बाजूला. नाववाला मागे सुकाणूशी.

सुरुवातीला फार छान वाटलं. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. शिडात वारा भरला आणि नाव एका कुशीवर किंचित कलून सरकू लागली. बाबांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. थोड्या वेळाने एक हात सुटला. मग ते काठाकडे पाहू लागले. सूर्य डोंगराच्या वर हातभर राहिला होता. मी मोबाईल काढून आईचा फोटो काढला. त्या फोटोत ती हसत नाहीये. आता पाहताना कळतं, की ती शब्द जुळवत होती.

काठ लांब गेल्यावर ती म्हणाली, "अहो, ऐका. मले तुमाले एक सांगायचं हाय."

"सांग ना," बाबा म्हणाले. "ते पाय तिकडे. हरभरा किती दाट हाय त्याचा."

"हरभरा राहू द्या. म्या ठरवलं हाय. मी माही एक किडनी देऊन राह्यली."

मी तो शब्द ऐकला. पण किडनी हा शब्द आमच्या घरात कधी बोललाच गेला नव्हता. तो आईच्या तोंडातून, त्या पाण्यावर, काहीतरी भलत्याच वस्तूचं नाव असावं तसा आला. भांडं, किंवा दागिना. डोक्यावर शीड जोरात फडफडलं. मी वळून पाहिलं तर सुकाणूवरचा नाववाल्याचा हात सुटला होता आणि तो आईकडे तोंड उघडं टाकून पाहत होता.

"काय?" बाबा म्हणाले. "कोणाले?"

"धाकटीले."

धाकटी म्हणजे माझी मावशी. वरवट बकालला दिलेली. आमच्या घरात तिचं नाव निघत नसे. खूप वर्षांपूर्वी तिच्या मुलीसाठी बाबांनी एक स्थळ आणलं होतं. मुलाकडच्यांना बाबांनी शब्द दिला होता. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मावशीकडून नकार आला, मुलीला पसंत नाही म्हणून. बाबांना त्या लोकांपुढे जाऊन मान खाली घालावी लागली. त्यानंतर आमच्या घरातून वरवट बकालला कोणी गेलं नाही आणि तिकडून कोणी आलं नाही. मावशी बिमार आहे एवढं माझ्या कानावर होतं. किती बिमार, हे मी विचारलं नव्हतं आणि आईने सांगितलं नव्हतं.

"तिच्या दोन्ही गेल्या," आई म्हणाली. "दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोन दिवस मशीनवर राह्यते. तिच्या नवऱ्याले शुगर हाय, त्याची चालत नाई. पोरीची जुळत नाई. माही जुळली. साऱ्या तपासण्या झाल्या."

"कवा झाल्या?" मी ओरडलेच. "कुठं झाल्या?"

"औरंगाबादले. दोनदा जाऊन आली ना मी."

तेव्हा मला ते उमगलं. ती आश्रमात असताना मी रोज फोन करत होते. एकदा बोलताना मागे टण्ण करून घंटी वाजली होती. मी म्हटलं होतं, आरती चालू झाली वाटते. ती म्हणाली होती, हाव. ती दवाखान्याच्या लिफ्टची घंटी होती. माझी आई, जिला मी ओळखते असं मला वाटत होतं, जी त्या हिवाळ्याआधी नांदुऱ्याच्या पुढे एकटी कधी गेली नव्हती, ती दुसऱ्या शहरातल्या दवाखान्याच्या लिफ्टपाशी उभी राहून माझ्याशी जेवणखाणाचं बोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिच्या कमरेकडे पाहिलं, जणू तिथे काही आधीच कमी झालेलं दिसेल.

बाबा उठले.

ते सवयीनेच उठले. त्यांना जायचं होतं. नाव त्यांच्या बाजूला एकदम झुकली, पाणी फळीवरून आत आलं, दांडा फिरला. "काका, बसा!" नाववाला ओरडला. मी त्यांचं जाकीट धरून खाली ओढलं. दांडा त्यांच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला. ते धपकन खाली बसले. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे पाणी होतं.

आई हललीसुद्धा नव्हती.

"म्हणून आणलं मी तुमाले इथं," ती म्हणाली. "घरी चार बार तोंड उघडलं म्या. एकदा तुम्ही मोटरीकडे गेले. एकदा मिरचीचा सौदा आठवला. एकदा शेजारच्याले हाक मारली. एकदा त मी 'धाकटी' म्हटलं अन् तुम्ही चपलाच घातल्या. आता सांगा, कुठं जाता?"

मला एकाच वेळी रडू आणि हसू दोन्ही आलं. नाववाला शिडाच्या दोरीकडे अशा एकाग्रतेने पाहत होता, जणू ती दोरी त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिली.

बाबांनी आमच्याकडे पाठ केली. नावेत जेवढी पाठ करता येते तेवढी. ते पाण्याकडे तोंड करून बसले. आणि त्याच वेळी वारा पडला. मावळतीला तिथे असं होतं, असं नाववाल्याने नंतर सांगितलं. शीड ढिलं होऊन लोंबू लागलं. नाव जागच्या जागी थांबली. पाणी इतकं शांत झालं की काठावर कोणी बैलांना हाकत होतं त्याचा आवाज स्पष्ट आला.

नाववाल्याने खालून वल्हं काढलं. आई म्हणाली, "भाऊ, राहू द्या. आमाले घाई नाई."

त्याने वल्हं परत ठेवलं.

सूर्य डोंगराला टेकला. पाणी आधी तांबूस झालं, मग लालभडक. लोक ज्यासाठी तिथे येतात ते सगळं आमच्या चारी बाजूंनी चाललं होतं आणि आमच्यातलं कोणी ते पाहत नव्हतं. मी आईला हळू आवाजात विचारत होते. डॉक्टर काय म्हणतात? धोका किती? नंतर काय खायचं, काय उचलायचं? तिला सगळं माहीत होतं. एका किडनीवर माणूस नीट जगतो, हे तिने मला असं सांगितलं जसं ती मला लोणच्याचं मीठ सांगते.

"अन् याइची सही लागते," ती बाबांच्या पाठीकडे पाहून म्हणाली. "तिथं साहेब लोक बसतात, त्याइच्या समोर येऊन हो म्हणा लागते. नवऱ्याशिवाय होत नाई."

पाठ हलली नाही.

"तुमाले तिचा राग हाय, मले माहीत हाय. तो राग राहू द्या. तिच्याशी बोलू नका. फक्त तिथं या."

मग बाबा पाण्याकडेच पाहत म्हणाले, "अन् तुले काही झालं त?"

"काही होत नाई."

"झालं त?"

आईने जाकिटाची पट्टी ओढून घट्ट केली. मी तिचा हात धरला. तो गार पडला होता. म्हणजे तीही घाबरली होती, आणि हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कळलं.

बाबा हळूच, बसल्या बसल्या, फळीला धरून वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते आईला म्हणाले, "माही नाई चालत काय?"

मला समजलंच नाही. "काय, बाबा?"

"किडनी. माही काऊन नाई इचारली कोणी? मी इचारून राह्यलो. माही घ्या म्हणा ना. मी काय, चार दिवस पडून राहीन. हिले कापू नका म्हणा."

ज्या घराचं नाव काढलं की बाबा चपला घालायचे, त्या घरच्या बाईला ते आपल्या शरीराचा तुकडा द्यायला निघाले होते. तिच्यासाठी नव्हे, हे खरं. आईला सुरी लागू नये म्हणून. पण ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. आईच्या किडनीपेक्षा मला त्या एका वाक्याचा धक्का जास्त बसला. पस्तीस वर्षं मी या माणसाला पाहत होते. त्यांनी आईच्या हातात कधी पाण्याचा पेला दिलेला मी पाहिला नव्हता.

आई रडायला लागली. ती एवढा वेळ रडली नव्हती. पदर जाकिटात अडकला होता, तो निघेना, म्हणून ती हातानेच तोंड पुसत राहिली.

"तुमाले बीपी हाय," ती म्हणाली. "तुमची कोण घेईन?"

"बीपीची गोळी घेतो ना मी रोज."

"त्यानं नाई होत हो."

मागून नाक ओढल्याचा आवाज आला. नाववाला. तो म्हणाला, "काका, आता अंधार पडते. वल्हवू का?" आणि कोणी काही म्हणायच्या आत वल्हवायला लागला.

परत येताना मला वाटलं होतं, झालं, बाबा तयार झाले. तसं झालं नाही. घरी गेल्यावर त्यांचं मन पुन्हा फिरलं. ते आठ-दहा दिवस आईशी बोलले नाहीत, जेवायला मळ्यातच डबा मागवू लागले. मी फोन केला की म्हणायचे, नेटवर्क नाही. आईनेही पुन्हा विषय काढला नाही. ती मला म्हणाली, "मले जे सांगायचं होतं ते सांगतलं."

मग एका सकाळी ते कोणाला न सांगता मोटरसायकलवर वरवट बकालला गेले. हे आम्हाला मावशीच्या फोनवरून कळलं. ती आईला म्हणत होती, "दाजी आले वं! अंगणात खाटेवर बसले हायेत. काही बोलूनच नाई राह्यले. मी काय करू?"

तिथे काय झालं ते मावशीने मला नंतर सांगितलं. तिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा काळवंडला होता, पाय सुजले होते. ते एवढंच म्हणाले, "तू नाई पेत?" ती म्हणाली, मले दिवसभरात एवढुसंच पेता येते, आणि हाताने छोट्या पेल्याचं माप दाखवलं. उन्हातून एवढ्या लांबून आलेले बाबा तो भरलेला तांब्या तसाच ठेवून उठले. तिच्यासमोर त्यांनी पाणी प्यायलं नाही. घरी येऊन विहिरीवरच्या पाइपाला तोंड लावून प्यायले आणि आईला विचारलं, "औरंगाबादले कवा जा लागते?"

तिथल्या समितीपुढे मी त्यांच्याबरोबर होते. इस्त्रीचा सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून ते बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमची पत्नी किडनी देते आहे. तुमची खुशी आहे का?"

"खुशी नाई," बाबा म्हणाले.

मी दचकले. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचा विरोध आहे?"

"विरोध नाई. मॅडम, बायको कापायले देतानी खुशी कशी राहीन कोणाले? पण तिले द्यायची हाय. अन् ती दुसरी पाणी पेऊ नाई शकत, ते म्या पाह्यलं. म्हणून हो म्हणून राह्यलो. तुम्ही खुशी लिहू नका. हो लिहा."

बाईंनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण त्या उठून बाबांना दारापर्यंत सोडायला आल्या.

ऑपरेशनच्या दिवशी बाबा आणि मावशीचे यजमान एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. कित्येक वर्षांनी एका बाकावर. बाबांना उठायला मोटर नव्हती, मळा नव्हता. ते बसून राहिले. एवढा वेळ एका जागी बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, दोघी चांगल्या आहेत. नवीन किडनीने काम सुरू केलं, टेबलावरच लघवी झाली.

बाबांना पहिल्यांदा वाटलं काहीतरी बिघडलं. समजल्यावर ते तिथेच उभे राहून गावातल्या माणसांना फोन लावू लागले. "हाव, झाली, झाली! लघवी झाली!" ते एवढ्या मोठ्याने ओरडत होते की वॉर्डातली नर्स बाहेर आली. मावशीच्या यजमानांनी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "दाजी, हळू." मग दोघंही खाली बसून रडले.

आता आई चालते फिरते. जड उचलत नाही, पाणी भरपूर पिते, वर्षातून दोनदा तपासायला जाते. मावशी घरी स्वयंपाक करते. बाबा आणि तिचे यजमान मधूनमधून भांडतात, त्या जुन्या साखरपुड्यावरूनही. पण भांडायला तरी एकमेकांकडे जातात.

मी अजून सावरलेले नाही. आई शेजारी झोपलेली असली की माझी नजर तिच्या कुशीवरच्या त्या लांब व्रणाकडे जाते. परवा ती अंगणात लाल मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी न राहवून विचारलंच, "एवढं सारं तू एकटीनं केलं. मले काऊन नाई सांगतलं?"

ती वर न पाहता म्हणाली, "तू रडली असती. मग मी तुहं रडणं सांभाळू का तपासण्या करू?"

आणि मला म्हणाली, बसलीच हायेस त देठ खुडू लाग, हात रिकामा नको ठेवू.